तुटपुंज्या किराण्यात सकस खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराण्याला काढून ठेवलेले पैसे महिना सरायच्या आत संपतात, आणि तरी घरातल्यांच्या पोटात नीट काही जावं अशी धडपड असते. अशा घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. हिशेब कसा मांडायचा ते मात्र दिलं आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक घातले आहेत.

१. कमी पैशात सकस खाणं खरंच जमतं का, की हे भरल्या पोटाने दिलेले सल्ले आहेत?

एका मर्यादेपर्यंत नक्की जमतं. त्या मर्यादेखाली कितीही हुशारीने बाजार केला तरी जमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातल्या सुमारे २६० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. एवढ्या सगळ्या माणसांना बाजार करता येत नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा पैसे खरोखरच अपुरे असतील तर दोष स्वतःकडे घेऊ नका. सरळ प्रश्न २० आणि २१ वाचा.

पण बहुतेक पत्रांमध्ये चित्र वेगळं दिसतं. पैसे थोडे असतात, पण त्यातला बराच भाग पोषण कमी देणाऱ्या वस्तूंवर जातो, आणि थोडा कचऱ्यात जातो. तिथे पुष्कळ काही करता येतं.

२. रोज नेमकं काय आणि किती पोटात जायला हवं?

जागतिक आरोग्य संघटनेचे मोठ्या माणसांसाठीचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम (बटाटा, रताळं यांसारखे कंद यात धरत नाहीत). तंतू (फायबर) किमान २५ ग्रॅम. मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी. २,००० उष्मांक खाणाऱ्यासाठी ही मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास येते आणि त्याच्या निम्म्यावर आणता आली तर अधिक चांगलं. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ५० ग्रॅम.

या यादीत एकही महाग वस्तू नाही, हे मुद्दाम पाहून घ्या. मीठ आणि साखर तर कमीच करायची आहे.

३. हातात थोडेच पैसे आहेत. आधी काय घ्यायचं?

मी हा क्रम सुचवते: धान्य, मग डाळी-कडधान्यं, मग भाज्या, मग तेल, मग अंडी किंवा दूध, मग फळं, आणि सगळ्यात शेवटी बाकीचं. धान्य पोट भरतं आणि उष्मांक देतं. कडधान्यं प्रथिनं, लोह आणि तंतू देतात. ही जोडी घरात असेल तर कोणी उपाशी राहत नाही आणि जेवणाचा पाया पक्का होतो.

भाज्या तिसऱ्या आहेत, पण पैसे कमी पडले की बहुतेक घरांत पहिली कात्री त्यांनाच लागते, आणि ते मला मान्य नाही. कात्री लावायचीच तर गोड पेयं, पाकिटातले खारे-तळलेले पदार्थ, बिस्किटं, गोड केलेले नाश्त्याचे पदार्थ आणि पाकीटबंद रस यांना आधी लावा. महिनाभर या वस्तूंचा खर्च वेगळा लिहून ठेवा. बऱ्याच घरांत भाजीचे पैसे तिथेच सापडतात.

तेलाला घाबरू नका. एका ग्रॅमला ९ उष्मांक मिळतात, म्हणून कष्टाचं काम करणाऱ्यांना आणि लहान मुलांना थोडक्यात जोर देणारी ती स्वस्त वस्तू आहे. फक्त तळून काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

४. प्रथिनं सगळ्यात स्वस्त कशातून मिळतात?

बहुतेक ठिकाणी वाळलेल्या डाळी, कडधान्यं, सोयाबीन आणि शेंगदाणे यांतून. पण माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा तुमच्या बाजारभावाने स्वतः हिशेब करा, कारण काही ठिकाणी अंडी फार स्वस्त असतात आणि मग उत्तर बदलतं.

रीत अशी. किलोचा भाव बघायचा नाही. वस्तूच्या किमतीला तिच्यात असलेल्या प्रथिनांच्या ग्रॅमने भागायचं. अंदाजे आकडे असे: १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २४ ग्रॅम, शेंगदाण्यांत २५, सोयाबीनमध्ये ३६, गव्हाच्या पिठात ११ ते १२, तांदळात ७. एका अंड्यात ६ ग्रॅम. एक लिटर दुधात ३३ ग्रॅम. कच्च्या, बिनहाडाच्या कोंबडीच्या मांसात १०० ग्रॅमला २२ च्या आसपास.

समजा, एक किलो डाळीच्या पैशांत तुमच्याकडे तीन लिटर दूध येतं. डाळीतून २४० ग्रॅम प्रथिनं मिळाली, दुधातून सुमारे १००. दुधाचे इतर फायदे आहेतच (कॅल्शियम आणि बी-१२, त्याबद्दल प्रश्न १५), पण केवळ प्रथिनांसाठी दूध वाढवणं या भावात महाग पडेल.

इथे एक फसगत हमखास होते. कोरड्या डाळीचा आकडा शिजलेल्या मांसाच्या आकड्याशी लावला जातो. डाळ शिजताना पाणी पिते, म्हणून शिजलेल्या डाळीत १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपासच प्रथिनं असतात. मांस शिजताना पाणी सोडतं, त्याचा आकडा वाढतो. तुलना नेहमी विकत घेतलेल्या, कच्च्या वजनावर करा. हाड, साल, टरफल जे टाकणार ते वजा करा.

दिवसाचा हिशेबही एकदा मांडून बघाच: ३०० ग्रॅम तांदूळ (२१), १०० ग्रॅम कोरडी डाळ (२४) आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे (साडेसात). झाले ५२ ग्रॅम. त्यात अंडं, दूध, मांस काहीच धरलेलं नाही.

५. पण डाळीतलं प्रथिन अपुरं असतं ना?

एकट्या डाळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, आणि एकट्या धान्यात लायसिन. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात खायची गरजही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. वनस्पतिज प्रथिनं थोडी कमी पचतात हे खरं आहे, म्हणून प्रश्न २ मधला आकडा जेमतेम गाठण्यापेक्षा चार घास जास्त असू द्यावेत.

६. कडधान्यं स्वस्त आहेत, पण शिजवायला इंधन किती जातं! त्यापेक्षा डबाबंद बरी का?

इंधन हिशेबात धरलं पाहिजे, हे तुमचं अगदी बरोबर. तरीही भिजवून प्रेशर कुकरमध्ये शिजवली तर घरची कडधान्यं सहसा स्वस्तच पडतात. तुलना करताना लक्षात ठेवा: १०० ग्रॅम कोरडी कडधान्यं शिजून साधारण २४० ते २५० ग्रॅम होतात. डब्याच्या ४०० ग्रॅम वजनातही पाणी काढल्यावर साधारण तेवढाच माल उरतो.

इंधन वाचवायचे उपाय: रात्रभर भिजवा आणि भिजवलेलं पाणी टाका. आंबट काहीही, टोमॅटोसुद्धा, कडधान्य मऊ झाल्यावरच घाला, कारण आम्लाने ती कडक राहतात. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यानेही हेच होतं. दोन वर्षं पडून राहिलेली कडधान्यं कितीही शिजवा, मऊ होत नाहीत, म्हणून स्वस्तात मिळतात म्हणून जुना माल उचलू नका. खाण्याच्या सोड्याने लवकर शिजतात पण बी-१ जीवनसत्त्व जातं. एका वेळी दोन-तीन दिवसांची शिजवून, वाटे करून गोठवली तर इंधन एकदाच लागतं.

एक सूचना मात्र जिवाची आहे. लाल राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर त्यातल्या विषारी घटकाने काही तासांत जोरदार उलट्या होतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा (अर्धा तास उकळला तर अधिक निर्धास्त) आणि मग मऊ शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नका. तिथलं तापमान अपुरं पडून विष उलट वाढू शकतं.

डबाबंद घेतलीत तरी काही बिघडत नाही. पाणी काढून, नळाखाली धुऊन घ्या. मीठ बरंच कमी होतं.

७. कडधान्यांनी पोट फुगतं. काय करू?

हळूहळू वाढवा. आठवडाभर दोन-दोन चमचे, मग वाटी. आतड्यांना सवय होते. भिजवलेलं पाणी टाकणं आणि पूर्ण मऊ शिजवणं याने फरक पडतो. साल काढलेल्या डाळी सगळ्यात हलक्या, तिथून सुरुवात करा.

८. भाज्यांचे भाव बघून रिकामी पिशवी घेऊन परत येते. काय घेऊ?

कोबी, गाजर, भोपळा, कांदा, बीट आणि हंगामातली कोणतीही पालेभाजी. पहिल्या पाच जवळपास सगळीकडे वर्षभर मिळतात, बरेच दिवस टिकतात आणि त्यांतलं फारसं टाकावं लागत नाही. कोबीत सी जीवनसत्त्व भरपूर असतं, गाजर आणि लाल भोपळ्यात अ जीवनसत्त्व तयार करणारं रंगद्रव्य. भाजी महाग की स्वस्त हे ठरवताना ताटात किती येणार ते बघा: सोलून, निवडून निम्मी उरणारी भाजी दुप्पट भावाची असते.

जे टाकता ते एकदा नीट बघा. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे दांडे, बिटाची आणि मुळ्याची पानं, गाजराची साल हे सगळं खायचं आहे. पण बटाटा-टोमॅटोची पानं मात्र खाऊ नयेत.

घरी आणल्यावर वापरायचा क्रम ठरवा: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग टोमॅटो, काकडी, शेंगा, आणि आठवडाअखेरीला कोबी, गाजर, भोपळा. पालेभाजी ठेवून दिली की सी जीवनसत्त्व आणि फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व) रोज घटत जातं. शिजवताना थोडं पाणी, वर झाकण, आणि उरलेलं पाणी दुसऱ्या पदार्थात. संध्याकाळी दुकान बंद होताना भाव उतरतात हे खरं, पण ती भाजी त्याच रात्री शिजणार असेल तरच घ्या.

९. गोठवलेल्या भाज्यांत काही राम असतो का?

असतो. तोडल्यावर थोड्याच वेळात वाफवून गोठवलेल्या मटारात किंवा पालकात चार दिवस पडून राहिलेल्या ताज्या भाजीइतकं, कधी जास्तही, सी जीवनसत्त्व उरतं. शिवाय लागेल तेवढंच काढता येतं. मीठ, लोणी किंवा सॉस घातलेली पाकिटं टाळा. डबाबंद भाज्यांत मीठ आणि फळांत पाक असतो, तो निथळून टाकता येतो.

१०. फळं परवडतच नाहीत. भाज्यांवर भागेल का?

भागेल. ४०० ग्रॅमचा आकडा दोन्ही मिळून आहे. पण सी जीवनसत्त्वाचं बघा, कारण डाळ आणि पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं. जेवणात कच्चा कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा लिंबू पिळलं तरी काम होतं. उलट जेवणासोबत घेतलेला चहा-कॉफी लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. हा बदल फुकटचा आहे आणि ज्या घरात रक्त कमी असल्याची तक्रार आहे तिथे मी तो सगळ्यात आधी सांगते. (तक्रार खरी आहे का ते तपासणीनेच कळतं. नुसत्या अंदाजाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.)

फळ घ्यायचंच तर हंगामातलं, सुट्टं, आणि आकाराने लहान. रस काढू नका. तंतू जातो आणि साखर उरते.

११. घाऊक घेतलं की स्वस्तच पडतं ना?

संपवलं तर. धान्य, डाळ, मीठ यांत बहुधा फायदा होतो. संपूर्ण धान्याचं पीठ, शेंगदाणे, तेल यांतली चरबी काही आठवड्यांत खवट होऊ लागते, तिथे जपून. पाकिटावरचा मोठा आकडा न बघता किलोमागे किंवा लिटरमागे किंमत काढा. मोठं पाकीट महाग पडल्याची उदाहरणं मी स्वतः अनेकदा पाहिली आहेत. कीड लागू नये म्हणून डबा कोरडा आणि घट्ट हवा.

एक अडचण याहून मोठी आहे: घाऊक घ्यायला एकरकमी पैसे लागतात, आणि तेच नसतात. त्यावर चालणारा उपाय म्हणजे दर महिन्याला फक्त एकच वस्तू मोठ्या मापात घ्यायची. या महिन्यात तांदूळ, पुढच्या महिन्यात डाळ. किंवा शेजारच्या घराबरोबर पोतं वाटून घ्यायचं.

१२. आठवड्याचं वेळापत्रक बनवते, तिसऱ्या दिवशी मोडतं.

कारण ते कोऱ्या कागदावर बनवता. आधी डबे आणि फ्रिज उघडा, लवकर खराब होणाऱ्या वस्तू लिहा आणि त्यांपासून जेवणं ठरवा. खरेदीची यादी त्यानंतर. सात नाही, पाचच दिवस ठरवा. दोन दिवस उरलेल्यावर निघतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या आकड्यांवरून जगाचा अंदाज काढला तेव्हा घरांमधून माणशी वर्षाला ७९ किलो अन्न वाया जात होतं. काटकसरीच्या घरात इतकं जात नसेल, तरी एक आठवडा टाकलेलं सगळं एका कागदावर लिहून बघा. मी लिहिलं तेव्हा दर वेळी तीच कोथिंबीर आणि तोच उरलेला भात होता. मग कोथिंबीर निम्मी घ्यायला लागले आणि तांदूळ मोजून.

१३. उरलेलं अन्न किती दिवस चालतं?

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू भराभर वाढतात. उथळ भांड्यात पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तिथे तीन ते चार दिवस ठीक. पुन्हा तापवताना आतपर्यंत वाफ निघेल इतकं तापवा आणि एकदाच तापवा, म्हणजे लागेल तेवढंच काढा.

भाताला जास्त जपावं लागतं. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबदार जागी राहिला तर ते उलट्या करवणारं विष तयार करतात. ते विष तापवून जात नाही. तासाभरात निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. तरी टाका. आजारपणाचा खर्च त्या भाताच्या कितीतरी पट असतो.

१४. तारीख उलटलेलं, मोड आलेलं, बुरशी लागलेलं: काय खायचं, काय नाही?

पाकिटावर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असेल तर तो चवीचा आणि दर्जाचा मुद्दा आहे. कोरडा माल नीट ठेवलेला असेल तर त्यानंतरही बहुधा चालतो. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही मात्र सुरक्षिततेची तारीख. ती ओलांडू नका, वास चांगला असला तरी.

बटाट्याला छोटे मोड आले असतील तर ते खोलवर काढून बटाटा वापरता येतो. हिरवा पडलेला, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा टाका. गाजर-कोबीसारख्या कडक भाजीवर बुरशीचा ठिपका असेल तर भोवतालचा मोठा भाग कापून बाकीची वापरा. ब्रेड, मऊ फळं, शिजलेलं अन्न यांत बुरशी आतवर गेलेली असते, ते अख्खं टाका. शेंगदाणे आणि धान्यावरची बुरशी सगळ्यात घातक. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला मारक असतं आणि भाजून किंवा शिजवून पुरेसं नष्ट होत नाही.

१५. गोळ्या, प्रोटीन पावडर, महागडी ‘आरोग्यदायी’ बियाणं घेतलीच पाहिजेत का?

प्रोटीन पावडर नको. प्रश्न ४ मधला हिशेब बघा. परदेशी बिया, खास मीठ, खास तेल यांच्यात असं काही नाही जे साध्या किराण्यात मिळत नाही. मीठ आयोडीनयुक्त घ्या, एवढं पुरे. कोंड्यासकटचं धान्य चांगलं, पण ते दुप्पट भावाने मिळत असेल तर पांढरं धान्य आणि जास्त कडधान्यं घ्या. तंतू भरून निघतो.

अपवाद खरे आहेत. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं. दोन मोठे पेले दूध ते जवळपास देतात. दूध, अंडी, मांस, मासे यांपैकी काहीच खात नसाल तर गोळी किंवा बी-१२ घातलेला पदार्थ हवाच, तिथे काटकसर करू नका. गरोदरपणात लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल रोज लागतं. ते आहारावर सोडू नये. पुष्कळ ठिकाणी सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं.

१६. आमच्याकडे फ्रिज नाही आणि शेगडी एकच आहे.

मग खरेदी थोडी-थोडी आणि स्वयंपाक एका जेवणापुरता. घरात कोरडा माल, कांदे, बटाटे (कांद्यांपासून दूर, अंधारात), लसूण, भोपळा, कोबी ठेवा. पालेभाजी ओल्या फडक्यात एक दिवस राहते. दुधाऐवजी दूध पावडर: साधारण १०० ग्रॅममध्ये लिटरभर दूध होतं, आणि लागेल तेव्हा पेलाभरच कालवता येतं.

एका शेगडीवर डाळ आणि धान्य एकाच भांड्यात शिजवणं सगळ्यात सोयीचं, वरून चिरलेली भाजी. इंधन फारच कमी असेल तर भांडं खळखळून उकळून, झाकण घट्ट लावून, जाड गोधडीत गुंडाळून ठेवा. तांदूळ आणि साल काढलेली डाळ त्या उष्णतेवर शिजते. राजम्याला ही युक्ती एकटी चालत नाही, प्रश्न ६ मधली उकळी आधी द्यावीच लागते. गुंडाळलेलं अन्न गरम असतानाच खा.

कडधान्यांना घरी मोड आणणं हा ताज्या भाजीचा चांगला पर्याय आहे, सी जीवनसत्त्व वाढतं. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुलं आणि आजारी माणसांनी ती कच्ची खाऊ नयेत. मोड आणण्याच्या उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. शिजवून द्या.

१७. एकटा राहतो. एका माणसाचं जेवण उलट महाग पडतं.

पडतंच, कारण सगळी मापं कुटुंबाची असतात. सुट्टं घ्या आणि चार वाट्यांचं शिजवून दोन गोठवा. फ्रीजर नसेल तर एकच शिजलेली डाळ तीन जेवणांत वेगवेगळ्या भाज्यांबरोबर वापरा. अंडी एकट्या माणसाला फार सोयीची, लागेल तेवढी एकेक काढता येतात.

१८. लहान मुलांसाठी काय वेगळं करावं लागतं?

तान्ह्या बाळासाठीची दूध पावडर पुरवून वापरायला पाणी जास्त घालू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण पैसे संपत आले की घरोघरी हे घडतं आणि बाळाच्या जिवावर बेततं. डब्यावरचं माप तंतोतंत पाळा. पुरत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सांगा.

सहा महिन्यांनंतर बाळाला लोह देणारं वरचं अन्न लागतं: मऊ घोटलेली डाळ, अंडं, मांस. पोट लहान असतं, म्हणून पातळ पाणीदार काही देण्यापेक्षा घट्ट, चमचाभर तेल घातलेलं द्या. वर्षाच्या आत मध नको. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. कूट चालतं.

मुलं भाजी थुंकतात म्हणून वाया जाते, ही तक्रार नेहमीची. एकच चमचा वाढा, स्वतः खा, आणि आठ-दहा वेळा तरी पुन्हा वाढा. जबरदस्ती नको.

१९. घरात मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे. हे सगळं लागू पडतं का?

मधुमेहात बरंचसं पडतं: धान्य थोडं कमी, कडधान्यं आणि भाज्या जास्त. ‘मधुमेहींसाठी’ म्हणून विकली जाणारी बिस्किटं आणि पीठं लागत नाहीत. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पैशांअभावी जेवण चुकवलं तर साखर धोकादायक उतरू शकते. जेवण हुकण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधाचा डोस ते त्याप्रमाणे ठरवतील.

मूत्रपिंडाच्या आजारात मात्र वरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. कडधान्यं, शेंगदाणे, दूध, काही भाज्या यांतलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं मोजावी लागतात. कमी सोडियमचं मीठ तर अजिबात स्वतःहून घेऊ नका, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करू नका आणि स्वस्त मिळाल्या म्हणून एकदम वाढवूही नका. रोजचं प्रमाण सारखं ठेवा. गव्हाची, म्हणजे त्यातल्या ग्लूटेन या प्रथिनाची, बाधा असणाऱ्यांना महागडे खास पदार्थ लागत नाहीत: तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, डाळी मुळातच ग्लूटेनविरहित आहेत. धोका असतो तो जिथे गहूही दळला जातो त्या गिरणीतल्या भेसळीचा. धान्य घरी दळा किंवा अख्खंच शिजवा.

२०. महिन्याचे शेवटचे पाच दिवस हातात काहीच नसतं.

पैसे आले त्या दिवशी शेवटच्या पाच दिवसांचं धान्य, डाळ आणि तेल मोजून वेगळ्या डब्यात बंद करा. माणशी रोज ३०० ग्रॅम धान्य आणि ८०-१०० ग्रॅम डाळ धरा, म्हणजे पाच दिवसांचं माणशी दीड किलो धान्य आणि जास्तीत जास्त अर्धा किलो डाळ. डब्यावर तारीख लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, म्हणजे तो चुकून उघडला जात नाही. भाजीसाठी कोबी आणि भोपळा तिसऱ्या आठवड्यातच आणून ठेवा, ते तग धरतात. अख्खा भोपळा घ्या, कापलेला टिकत नाही.

डबा भरण्याइतकेही पैसे येत नसतील तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

२१. मुलांना पुरावं म्हणून मी एक वेळ जेवत नाही. पाणी पिऊन भागवते. चालेल ना?

नाही चालणार. हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारलेला असतो, म्हणून त्याला मुद्दाम वेगळी जागा दिली आहे. घरात जो रांधतो तोच बहुधा शेवटी बसतो आणि उरलं तर खातो. महिनोन्‌महिने असं चाललं की चक्कर, थकवा, रक्त कमी होणं ठरलेलं, आणि मग मुलांचं करायलाही अंगात बळ उरत नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागतं.

आजपासून एवढं करा: कोणी जेवायला बसण्याआधी सगळ्यांची ताटं एकदम वाढा, तुमचंही. कमी असेल तर सगळ्यांचं थोडं कमी दिसू दे. मुलांचं एक जेवण शाळेत मिळतं का, जवळ सामुदायिक स्वयंपाकघर किंवा धान्यवाटप आहे का, याची चौकशी शाळेत आणि दवाखान्यात करा. तिथल्या माणसांना बहुधा माहीत असतं. तोंडाने सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या: घरात किती माणसं, त्यांत लहान किती, आणि किती दिवसांचं अन्न शिल्लक आहे.